गुलनारचे टाके

श्रीपतीमामांची आमच्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची, आणि तिच्यातला अर्धा भाग खोटा होता. मी शाळेत शिकवते, खोटं मला खपत नाही. पण हे खोटं मी पस्तीस वर्षांची होईपर्यंत खपवून घेतलं, कारण ते खोटं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

माझी आई सखू ही मामांची धाकटी बहीण. ती हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या खोलीत भाकरी थापता थापता ही गोष्ट सांगायची. छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, दादाची बदली परभणीला झाली, इकडे त्याची गाभण घोडी टाके घातलेली तशीच राहिली, दादा धावत आला, त्यानं टाके सोडवले नि घोडी वाचवली. मग शेवटची थाप जरा जोरात मारून ती म्हणायची, "घोडी वाचली अन् घर मोडलं."

मामा मूळचे परभणीकडचे. वडिलांबरोबर गवताचे भारे घेऊन एका जागीरदाराच्या पागेत आले आणि तिथंच राहिले. पोलीस ॲक्शननंतर जागीर गेली, पागा सरकारनं घेतली आणि घोड्यांबरोबर मामाही सरकारी झाले. मलकपेठेच्या पलीकडे तेव्हा नुसतं माळरान होतं, तिथं ती पागा. खोगीर घालणारे वेगळे, खरारा करणारे वेगळे. घोडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचं काम मात्र कोणालाच नको होतं, म्हणून ते आमच्याकडं आलं. असली कामं आमच्या लोकांकडं येतात यात नवल नाही. नवल हे, की मामांचा हात त्यात असा बसला, की जुने डॉक्टरसाहेब स्वतः हात घालायच्या आधी मामांना विचारायचे. घोडी फळली की नाही हे मामा दोन महिन्यांच्या आत चाचपून सांगायचे आणि ते सहसा चुकत नसे.

हात घालण्याआधी त्यांचा एक नेम होता. घोडीसमोर उकिडवं बसायचं, बेगम बाजारातून आणलेली नराणी काढायची आणि उजव्या हाताची पाची नखं पार मांसापर्यंत काढायची. मग साबण, मग गोडं तेल. "नखाचा एक ओरखडा बी आत लागला तर पोट सडतंय," म्हणायचे. कालची काढलेली नखं त्यांना आज चालत नसत. आई चिडवायची, "नवरदेवाचे बी एवढे लाड होत नाहीत."

गुलनार ही जागीरदाराच्या वेळची लाल अरबी घोडी. चार हंगाम फळली नाही. वांझ ठरवून तिला टांग्याला देऊन टाकायचं घाटत होतं. डॉक्टरसाहेबांनी तिची शेपटी उचलून पाहिली आणि मामांना हाक मारली. तिच्या अंगाचं तोंड सैल आणि तिरकं होतं. चालता-पळता वारा आत जायचा, त्याबरोबर लीद जायची, आणि गर्भाची पिशवी आतून कायम पिकलेली राहायची. अशा पिशवीत गर्भ कुठला टिकणार? त्यांनी पिशवी धुतली, औषध घातलं, घोडा दाखवला आणि मग तोंडाचा वरचा भाग टाके घालून शिवून टाकला. खाली लघवीपुरती वाट ठेवली. त्याच हंगामात गुलनार फळली.

या उपायाला एक अट होती. शिवलेली कातडी एकजीव होते. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ती कापून मोकळी करावीच लागते. राहून गेलं तर शिंगरू यायच्या वेळी घोडी फाटते. कधी शिंगरू जातं, कधी दोघंही. आणि व्यायल्यावर, पुन्हा घोडा दाखवल्यावर, पुन्हा शिवायचं. डॉक्टरसाहेब निवृत्त झाल्यावर हे सगळं मामाच करायचे. कागदावर त्याची नोंद नव्हती, कारण कागदावर मामा नुसते मोतद्दार, म्हणजे घोड्यांची राखण करणारे, होते, आणि मामांना लिहिता येत नव्हतं. शिवलेल्या घोडीच्या शेपटीत ते एक काळा दोरा बांधायचे. दोरा म्हणजे त्यांची चिठ्ठी: हिला वेळेवर मोकळी करा.

इतक्या घोड्यांची कूस उजवणाऱ्या या माणसाच्या घरात पाळणा हलला नाही. पागेच्या चाळीतल्या बायका मनकर्णामामींना सुखानं पाणी भरू देत नसत. "घोड्या फळवतो अन् बायको रिकामी," असं तोंडावर म्हणायच्या. बावन्न साली मामी परभणीला भावाकडं निघून गेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की या शहरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. मामा शहर सोडेनात, मामी येईनात. अशी चार वर्षं गेली.

मग राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठी म्हणून मामांना परभणीच्या गुरांच्या दवाखान्यात नेमल्याचा हुकूम आला. लोक बदलीच्या नावानं बोटं मोडत होते. मामांनी मात्र नवं धोतर घेतलं. मामींचा निरोप आला होता, "इथं येणार असाल तर मी नांदायला येते." निघायच्या दिवशी मामांनी अंबाजी नावाच्या मोतद्दाराला गुलनारच्या शेपटीतला दोरा दाखवला. ती तेव्हा सात महिन्यांची गाभण होती. "फाल्गुन लागला की जो डॉक्टर येईल त्याला सांगून मोकळी कर," असं तीनदा सांगितलं आणि गाडीत बसले.

परभणीत दवाखान्यामागं दोन खोल्या होत्या. मामी आपली ट्रंक घेऊन आल्या. काम बैलांचे खूर धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं, त्यात मामांच्या हाताचं काही चीज नव्हतं. पण संध्याकाळी दाराशी बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत खायची. मामा पुढं मला म्हणाले होते, "माझा संसार म्हंजे तेवढे चार महिने बघ."

फाल्गुन अर्धा सरला होता, तेव्हा आईनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं पोस्टकार्ड पोचलं. त्यात इकडची तिकडची खुशाली होती, आणि खाली पागेच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून ऐकलेल्या दोन ओळी होत्या. अंबाजीची बदली बिदरला, म्हणजे म्हैसूर राज्यात झाली. आणि आंध्रातून, समुद्राकडचा नवा डॉक्टर आला आहे, त्यानं घोड्यांच्या शेपट्यांतले सगळे दोरे अंधश्रद्धा म्हणून कापून टाकले.

मामा तसेच उठले. मामींचा भाऊ किशनराव आलेला होता. त्या हिवाळ्यात आमची सगळी माणसं बौद्ध झाली होती आणि किशनराव नव्या उत्साहात होता. तो म्हणाला, "बरंच झालं की, दाजी. आपण बी दोरे-गंडे सोडलेच की."

"गंडा नव्हता तो, किशन. चिठ्ठी होती," मामा म्हणाले.

दवाखान्याच्या साहेबांनी रजा दिली नाही. मामींनी हात धरला. "तिथं सरकार हाय, डॉक्टर हाय. तुमच्यावाचून काय अडलंय तिथं? गेलात तर मी इथं बसायची नाही."

"माझ्याबिगर कुणाला ठावं नाही गं ते," म्हणत मामांनी नराणी पिशवीत टाकली आणि रजेशिवाय गाडी पकडली.

आठवड्यानं परत येऊन त्यांनी सांगितलं, की ऐन वेळेवर पोचलो, गुलनारला मोकळी केली, ताठ पायाची शिंगी झाली. चार दिवसांनी मामी ट्रंक घेऊन भावाकडं गेल्या त्या कायमच्या. मामांनी नोकरी सोडली, हैदराबादला आले आणि खाजगी पागांतून हात चालेल तोवर घोड्या पाहत राहिले. गौलीगुड्यात आमच्या समोरच्या खोलीत ते एकटे राहायचे. सणावाराला आई ताट पाठवायची. ते ताट धुऊन, पुसून, कधी रिकामं नको म्हणून त्यात दोन पेरू ठेवून परत करायचे. लोकांच्या पोरांत ते रमले नाहीत, पत्त्यांच्या डावात बसले नाहीत. उन्हाळ्यात माणसं अंगणात बाज टाकून गप्पा मारत, तेव्हाही मामांची बाज चार हात लांब असायची. इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं मला लहानपणापासून फार वाईट वाटायचं.

पंच्याऐंशी साली त्यांना काविळीनं धरलं. मी त्यांना विद्यानगरला माझ्या घरी आणलं. एका दुपारी मी आपली सहज म्हणाले, "मामा, तुम्ही नसता तर गुलनार मेली असती."

"नसती मेली," मामा म्हणाले.

मग त्यांनी भिंतीकडं तोंड करून सगळं सांगितलं. ते पागेत पोचले, तेव्हा पहारेकरी आत सोडेना, कारण ते आता दुसऱ्या राज्याचे नोकर. शेवटी नवा डॉक्टर फाटकाशी आला. तेलुगू माणूस, नुकताच शिकून आलेला. मामांनी हात जोडून टाक्यांचं सांगितलं. तो हसला. "टाके? वो हम कब का खोल दिया, बाबा. घोडी का महिना भर गया, पीछे नहीं देखेगा तो डॉक्टर कायकू?" आणि त्यानं कुंपणाकडं बोट केलं. गुलनार उन्हात उभी होती. तीन दिवसांची शिंगी तिच्या पोटाखाली ढुशा देत होती.

"गुलनारनं कान टवकारले. माझ्याकडं बघितलं," मामा म्हणाले, "अन् परत गवतात तोंड घातलं."

"मग खोटं का सांगितलं हो सगळ्यांना?" मी चिडलेच होते.

"काय सांगू? तुझी मामी म्हणली होती, तुमच्यावाचून काय अडलंय. अन् खरंच काही अडलं नव्हतं. हे तोंड घेऊन तिच्या पुढं कसं जाऊ?" मग म्हणाले, "जमलं तर एकदा तिला खरं सांगून ये, पोरी. मला नाही व्हायचं."

सुट्टी लागताच मी परभणीला गेले. मनकर्णामामी किशनरावाच्या मुलांच्या घरात मागच्या खोलीत राहत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या, तो हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं. आल्या आल्या पाण्याचा तांब्या घेतला माझ्या हातातून, तवा नखं दिसली. वाढलेली, बैलाच्या खुरातली घाण तशीच. घोडीत हात घालून आलेल्या माणसाची नखं असतेत का तशी?"

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"का विचारू? त्यांनी सांगावं. मला वाटलं जेवताना सांगतील. मग वाटलं निजताना सांगतील. तीन दिवस मी बसले. चवथ्या दिवशी शेजारणीला तीच गोष्ट रंगवून सांगायलेत, तवा मी उठले." त्यांनी एक खडा टिपून बाजूला टाकला. "घोडीसाठी गेले त्याचा राग नव्हता मला. पण माझ्यापाशी बी हरलो म्हणता येत नाही, त्या माणसासंगं राहून मी काय करू?"

निघताना मी धीर करून विचारलं, "मामी, घेऊन येऊ का त्यांना? एकदा भेटा तरी."

"नगं," त्या म्हणाल्या. "आता मला माझी सवय झाली. नगं आणू." मी चपला घातल्या, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "नखं कोण काढतंय आता त्यांची?"

घरी आले तेव्हा मामा पलंगावर उठून बसलेले होते. मी नखांचं सांगितलं. तीन दिवस वाट पाहिल्याचं सांगितलं. मामांनी उजवा हात पालथा करून पाहिला.

"म्हंजे ती माझ्या हाताकडं बघायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, तिला ह्या हाताची किळस हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. अठ्ठावीस वर्षं वाया गेली, आणि या माणसाला त्यातलं एवढंच ऐकू आलं! मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी पिशवीतली नराणी मागितली. ती त्यांच्या हाती न देता मीच त्यांच्यापुढं बसले आणि एकेक नख काढू लागले. पाचवं नख निघाल्यावर त्यांनी बोटं दिव्याकडं धरून पाहिली.

"परभणीची गाडी किती वाजता हाय गं?"

मामींचं 'नगं आणू' मी अजून सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते, आणि काविळीनं पिवळे झालेले ते डोळे मी इतके आनंदी कधी पाहिले नव्हते. खोटं मला खपत नाही असं आयुष्यभर सांगत आलेली मी, मान खाली घालून नराणी पुसत म्हणाले, "सकाळची आहे, मामा. आधी बरे व्हा."