चुन्याची डबी

ॲसिड अन् खार भेटले की मीठ अन् पाणी बनते, हे मले भिलाईत समजलं. समजलं म्हणजे काय, डोंबल! समजलं असतं तर माझ्या मित्राचा हात वाचला असता.

तेव्हा कारखाना उभा होऊन राहिला होता. आम्ही दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, ट्रेनिंगले सोबतच लागलो. शेवटी परीक्षा होती, पास होईल तो पक्का. त्याच्या घरची पाच माणसं या नोकरीकडे डोळे लावून बसली होती.

एक दिवस मास्तरनं टिनाच्या शेडात ॲसिडमध्ये खाराचं पाणी थेंब थेंब टाकलं अन् दिव्यावर आटवलं. तळाशी पांढरे कण राहिले. म्हणे, "देखो, नमक." मी चक्रावलो. दोन्ही कातडी जाळणारे, अन् त्यांच्या पोटी मीठ जन्माले येते? खार म्हणजे काय जी, विचारलं तर म्हणे, "तुम्हारा चूना भी वही है." मी खिशातली तंबाखू-चुन्याची डबी काढून पाहतच राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मित्र ॲसिडची बाटली उचलत होता, तर बूच निघालं अन् ॲसिड त्याच्या उजव्या पंजावर सांडलं. नळ दहा पावलांवर होता. पण माझ्या डोक्यात कालचं मीठ! मी डबीतला सगळा चुना त्याच्या पंजावर थापला. वरून म्हणतो कसा, "थांब बे, आता पाणी होऊन जाईल." पंजा अजूनच तापला, तो किंचाळला. मास्तरनं धावत येऊन त्याले नळाखाली ओढलं.

"चूना किसने डाला?"

दात आवळून मित्र म्हणाला, "मैंने."

बोटं आखडली ती आखडलीच. परीक्षेत त्याले व्हॉल्व्ह फिरवता आला नाही. मले तोंडी विचारलं, ॲसिड पडलं तर काय करशील? मी म्हटलं, आधी पाणी. मी पास झालो, तो गावी शेतीवर परत गेला. मले काहीच सुधरेना. त्यानं खोटं कावून सांगितलं?

पुढं कितीतरी वर्षांनी गावी गेलो तर त्यानं डबी पुढं केली. त्या बोटांनी त्याले तंबाखू मळता येत नव्हता. मळता मळता मी विचारूनच टाकलं.

"माझा हात तर गेलाच होता," तो म्हणाला, "तुझी नोकरी कायले घालवाची? मळ लवकर. अन् चुना कमी टाकजो बाप्पा."