स्क्रीनवरचं पहिलं नाव

वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. वयानं माझ्या दुप्पट, तरी आमची मैत्री. मी वॉर्डची क्लार्क. डबा आम्ही एकत्र खायचो. त्यांच्या शब्दाशिवाय तिथे पान हलत नसे. रुग्णाला बोलण्यात गुंतवून सुई टोचायची त्यांची पद्धत सगळ्या पोरींनी उचलली होती.

मग टॅब्लेट आले. औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटावरची नावाची पट्टी स्कॅन करायची, म्हणजे माणूस आणि औषध जुळतं का ते यंत्र सांगणार. शिकवायला नेमलं धाकटीला, वॉर्डातल्या सगळ्यात लहान नर्सला. तिला सलाइन लावायला मोठ्या सिस्टरांनीच शिकवलं होतं.

"कालपर्यंत माझ्यामागे ट्रे घेऊन फिरायची," त्या फणकारल्या. "आज मला सांगते, ताई, बोट हलकं ठेवा!"

"शिकवते छान, पण."

"तू जेव गुमान."

सगळ्यांना गोडी लागावी म्हणून हॉस्पिटलच्या साहेबांनी टेबलामागे मोठा स्क्रीन लावला. वेळेवर औषध देणाऱ्यांची नावं त्यावर क्रमानं येत. धाकटी पहिली. मोठ्या सिस्टर तळाशी. त्या स्क्रीनकडे मुद्दाम पाठ करून बसत.

आणि अचानक त्या पहिल्या आल्या. त्यांनी सगळ्या रुग्णांच्या पट्ट्या पुन्हा छापून टेबलाच्या कडेला चिकटवल्या होत्या. तिथेच उभ्याउभ्या टीं, टीं, टीं. मग ट्रे घेऊन निवांत फेरी. पोरींनी हेही उचललं. मोठ्या सिस्टर करतात म्हणजे बरोबरच असणार.

एका संध्याकाळी एका रुग्णाच्या मुलाचा फोन आला. "बाबांना इंजेक्शन दिल्याचा मेसेज आलाय. बाबा तर दुपारीच घरी आले. इथे सोफ्यावर बसलेत."

आजोबा घरी गेले, पण त्यांची पट्टी टेबलावरच राहिली होती. त्यांच्या खाटेवर आता दुसरा माणूस होता. मी धावले. मोठ्या सिस्टर त्याची बाही वर सरकवत होत्या.

"थांबा!"

त्या थांबल्या. सुई हातातच राहिली.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. पट्ट्या कुणी चिकटवल्या?

मोठ्या सिस्टरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "चूक माझी, सर. स्कॅन करा एवढंच मी शिकवलं. रुग्णाजवळ जाऊन का करायचं, ते सांगितलंच नाही."

साहेब निवळले. म्हणाले, असा मोठेपणा हवा. स्क्रीन उतरवला, पट्ट्या खरवडून काढायला लावल्या.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाचलात."

"वाचले?" त्या उसळल्या. "सांगणारच होते मी. आधी शिकवणं नेलं, मग पहिला नंबर. आता माझी चूकही हिनंच घ्यायची? आणि वर शाबासकी?"

"तुम्हाला सांभाळून घेतलं तिनं."

"कोण मला सांभाळणार? ती?"

त्या तशाच मागे वळल्या. साहेबांचं दार त्यांनी वाजवलंही नाही. आतला आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला.

"साहेब, ती पोर खोटं बोलतेय. चूक माझी आहे. माझ्याच नावावर लिहा."