गाडी घाटात आहे

आमच्या सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये महायुद्ध फ्रिजच्या दारावर चालायचं. ‘महायुद्ध’ हा शब्द अजून कुठल्या सरकारनं वापरला नव्हता, पण माझ्या सासऱ्यांनी केव्हाच वापरून टाकला होता. लेकीचा शाळेचा जगाचा नकाशा त्यांनी फ्रिजला चिकटवला आणि त्यावर आमची प्रवासात गोळा केलेली चुंबकं मांडली. उत्तरेच्या बर्फातल्या आघाडीवर पेंग्विन, वाळवंटातल्या आघाडीवर उंट आणि तांबड्या समुद्रात हापूस आंबा, कारण दुसरं काही शिल्लकच नव्हतं. सकाळच्या बातम्या ऐकल्या की ते पेंग्विनला बोटभर पुढं सरकवायचे. मी दूध काढायला दार जोरात उघडलं की देश हलतात, अशी त्यांची तक्रार असायची.

बाबा, म्हणजे माझे सासरे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, चिपळूणला. उभा जन्म गाड्या सोडण्यात नि गाड्यांची वाट बघण्यात गेलेला. त्यामुळे युद्धसुद्धा त्यांना आगारासारखंच दिसायचं. कुठली फौज रखडली, कुणाच्या रणगाड्यांना डिझेल पोचलं नाही, कुणाचा रस्ता बंद झाला, हे ते मला भाजी चिरताना साग्रसंगीत सांगायचे. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, पण लाउडस्पीकरचा आवाज घशात घेऊनच आले. चहा झाला तरी ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणूनच हाक मारणार. एरवी मला हसू यायचं, पण युद्धाच्या बाबतीत डोकं फिरायचं. तिकडे माणसं मरताहेत आणि हे फलाट क्रमांक सांगताहेत! मी तसं तोंडावर म्हणायचेसुद्धा. माझं तोंड सासरी प्रसिद्धच आहे.

या सगळ्या प्राणिसंग्रहात एक चुंबक मात्र वेगळं होतं. धड माशाचं नि डोकं सिंहाचं असलेला आमचा सिंगापूरचा मर्लायन. तो म्हणजे माझा नवरा. तो तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर आहे. त्या महिन्यात त्याचं जहाज आखातात तेल भरत होतं आणि परत यायचं तर अरुंद सामुद्रधुनीतून बाहेर पडण्यावाचून इलाज नव्हता. त्याच सामुद्रधुनीवर दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रं रोखलेली होती.

“आत शिरलो की फोन बंद ठेवावे लागतील. घाबरू नकोस,” असं त्यानं आदल्या दिवशी सांगितलं.

“मी कशाला घाबरतेय?” असं मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर कुकरला शिट्टी लावायची विसरले.

तो शनिवार होता. लेक घरी, मी घरी. टीव्हीवर एकाच वेळी तीन खिडक्या उघडलेल्या. एकीत बर्फ, दुसरीत वाळू, तिसरीत समुद्र, आणि तिन्हींच्या वर ओरडणारा एकच निवेदक. आज सगळ्या आघाड्या एकदम पेटल्या आहेत, असं तो क्रिकेटचा सामना असल्यासारखं सांगत होता. बाबा चहाचा कप हातात धरून पेंग्विन सरकवत होते. लेकीच्या हातात माझा फोन. जहाजं कुठं आहेत ते दाखवणारं एक अ‍ॅप असतं. त्यात प्रत्येक जहाजाचा छोटा बाण दिसतो. खलाशांच्या बायकांना ते सांगावं लागत नाही, आम्ही नवऱ्यांपेक्षा त्या बाणांशी जास्त संसार केलेला असतो. आमचा बाण सामुद्रधुनीच्या तोंडाशी आला होता.

“आई, पप्पा इज अ‍ॅट द एअरपोर्ट.”

काय सांगू, क्षणभर मला खरंच वाटलं की कंपनीनं त्याला उतरवून घेतलं, आता तो विमानानं घरी येतोय. मी कणीक भरल्या हातांनीच धावले. बघते तर नवरा नव्हे, अख्खं जहाजच विमानतळावर! धावपट्टीच्या अगदी मधोमध.

“शिप कॅनॉट फ्लाय, लाह,” लेक मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत समजावत म्हणाली.

मला हसू आवरेना. मग मी नकाशा मोठा केला. त्या धावपट्टीवर आमचं एकटंच जहाज नव्हतं. कितीतरी बाण एकमेकांवर चढून गोल गोल फिरत होते. मी आयटीतली बाई, पाच मिनिटांत शोधून काढलं. तिथल्या फौजांनी उपग्रहाच्या सिग्नलमध्ये गोंधळ घातला होता, म्हणून जहाजं भलतीकडेच दिसत होती. मी मोठ्या ऐटीत बाबांना समजावलं.

“म्हणजे बोट विमानतळावर नाही,” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मग कुठे आहे?”

“माहीत नाही.”

“अगं, पण कुठेतरी असेलच ना?”

“बाबा, माहीत नाही म्हटलं ना!” मी खेकसले, आणि खेकसताना मला कळलं की मघाशी आपण हसलो ते हसण्यासारखं नव्हतंच.

तेवढ्यात टीव्हीवरची समुद्राची खिडकी मोठी झाली. सामुद्रधुनीत एका तेलवाहू जहाजावर हल्ला. लाल डेक, त्यावरून वर चढणारा काळा धूर. नाव कळलेलं नाही, खलाशांविषयी माहिती नाही. लाल डेक बहुतेक टँकरना असतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या क्षणी सगळ्या जगात एकच लाल डेक होता. मी ओट्याला धरूनच उभी राहिले.

टीव्ही बंद करा, असं ओरडायला मी तोंड उघडलं, तर बाबांनी आधीच बंद केला होता. हा माणूस जेवतानासुद्धा बातम्या बंद करत नाही. घरात इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर पियानोवर सा रे ग म बडवतंय ते ऐकू यायला लागलं. बाबा फ्रिजकडे गेले. मर्लायन उचलला, नकाशावर ठेवायला जागा शोधली. समुद्रात ठेवावा तर कुठे? शेवटी त्यांनी तो मुठीत धरला आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

“गाडी घाटात आहे,” ते म्हणाले.

हे वाक्य मला लग्न झाल्यापासून पाठ आहे. कुंभार्ली घाटात एखादी गाडी अडकली, दरडबिरड कोसळली, की प्रवाशांचे नातेवाईक चौकशीच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. हरवली, अपघात, काही कळत नाही, असले शब्द खिडकीतून काढायचे नाहीत, हा बाबांचा स्वतःचाच नियम. काही माहीत नसेल तर म्हणायचं, गाडी घाटात आहे. ते खोटंही नसतं. आमच्या घरात तर कुणाचा निकाल लांबला, इथल्या वर्क पासचं काम अडलं, तरी गाडी घाटातच असायची.

“आणि आलीच नाही तर काय सांगायचात?” मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

बाबा म्हणाले, “ते खिडकीतून नव्हतो सांगत. बाहेर यायचो. माणसाच्या शेजारी बसायचो, मग सांगायचो.”

असं म्हणून ते खुर्चीतून उठले. पाणी प्यायला उठले असतील, नाहीतर माझा चेहरा बघून माझ्याकडे यायला निघाले असतील. माझं भानच सुटलं.

“तिथेच बसा!” मी किंचाळले. “माझ्या शेजारी येऊ नका! अजिबात येऊ नका बाबा!”

ते मुकाट्यानं परत बसले.

मग दुपार सरता सरेना. बाबांच्या फोनवरून कंपनीच्या नंबरवर फोन केला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की अजून काही माहिती नाही, मॅडम. म्हणजे त्यांचीही गाडी घाटातच. मी शेगडी घासली. मग चिमणीची जाळी काढून ती घासली, जी मी दिवाळीलासुद्धा काढत नाही. लेक फोनवरून डोळे हलवत नव्हती. बाबा खुर्चीत, मूठ मिटलेली. स्वयंपाकघरात यायचं झालं तरी भिंतीकडून, माझ्यापासून लांबून जात होते. मला ते दिसत होतं आणि माझाच मला राग येत होता, पण ‘या, बसा’ म्हणायला जीभ रेटेना. देवाला म्हटलं, नवऱ्याला आण, मग मला काय हवी ती शिक्षा कर.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा लेक एवढ्या जोरात ओरडली की माझ्या हातातून जाळी पडली.

“आई! आउट! पप्पा इज आउट!”

बाण निळ्यावर होता. मोकळ्या समुद्रात, सामुद्रधुनीच्या पार बाहेर, पूर्वेकडे तोंड करून. मी पुन्हा पुन्हा नाव वाचलं, पुन्हा पुन्हा अ‍ॅप बंद करून उघडलं, आता कुठल्या विमानतळावर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. मग फोन किणकिणला. “बाहेर पडलो. सगळे ठीक. दिवसभर इंजिन रूममध्ये होतो, आता आंघोळ करतो.”

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो मला पडताना ऐकू आला. मी रडत रडत नवऱ्याला शिव्या दिल्या. “आंघोळ करतोय म्हणे! इथे आमची अंत्ययात्रा निघायची वेळ आली, आणि साहेब आंघोळ करताहेत!” लेक खो खो हसत होती. बाबांनी मूठ उघडली. तळहातावर सिंहाच्या आयाळीचा ठसा उमटला होता. त्यांनी मर्लायन समुद्रावर लावला, मग दुसऱ्या हातानं हळूच नमस्कार केला.

“त्या दुसऱ्या गाडीचं काय झालं असेल गं?” ते म्हणाले. त्या जळणाऱ्या जहाजाचं. कुठल्या तरी घरात कुणीतरी कुणाच्या शेजारी जाऊन बसलं असेल, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पेंग्विन, उंट, आंबा सगळे फ्रिजच्या खालच्या दारावर, कोपऱ्यात. नकाशावर एकटा मर्लायन. युद्ध काही थांबलं नव्हतं. पण त्यानंतर भाजी चिरताना मला रणगाडे ऐकावे लागले नाहीत.

पंधरवड्यानं जहाज सिंगापूरला आलं. उतरायची परवानगी नव्हती, इंधन घेऊन लगेच पुढं जायचं होतं. पण ईस्ट कोस्टसमोर नांगर टाकला की त्याच्या फोनला इथलं नेटवर्क मिळतं, आणि आम्ही किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं, हा आमच्या घरचा रिवाज आहे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी म्हटलं, बाबा बसा. “असू दे गं,” म्हणत ते दांडा धरून उभेच राहिले. गुडघे आखडले असतील, असं मला वाटलं.

किनाऱ्यावर सायकलींची गर्दी होती, सातेच्या, काडीवर भाजलेल्या मटणाच्या, गाड्यांचा धूर होता, आणि समोर क्षितिजावर जहाजांची रांगच रांग. फोन वाजला.

“डावीकडून चौथं. लाल,” नवरा म्हणाला.

“इथे सगळेच लाल आहेत मेले!” मी म्हणाले आणि सगळ्यांनाच हात हलवला. लेक उड्या मारत होती. मी फोन बाबांसमोर धरला. “करा अनाउन्समेंट,” म्हटलं.

बाबांनी घसा खाकरला. शेजारच्या बाकावरचे चिनी आजोबा दचकून बघायला लागले. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आखाताहून निघालेली गाडी...” एवढंच आलं. तिकडून नवरा “बाबा? बाबा?” करत होता.

मी फोन लेकीकडे दिला आणि बाकावर टेकले. बाबा चष्मा पुसत तसेच उभे होते. इतके दिवस जेवायच्या टेबलाशीसुद्धा ते एक खुर्ची सोडून बसत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“लागली ना गं गाडी फलाटाला?” त्यांनी विचारलं.

“लागली बाबा.”

“मग आता बसू का शेजारी?”

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकले.