त्रेचाळीसपैकी अकरा

नागपूरच्या सदर भागातल्या एका छपाईच्या दुकानात मजकूर जुळवण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. आधी शिशाचे खिळे, मग संगणक. आता मान दुखते, डोळे चुरचुरतात आणि नवीन काही शिकायचं म्हटलं की चक्क रडू येतं.

दरवर्षी आमच्याकडे समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम येतं. प्रत्येक माणसाची एक लांबलचक ओळ: वय, उंची, गाव, शिक्षण, नोकरी, फोन, अपेक्षा. सगळ्यांना निर्व्यसनी आणि समजूतदार जोडीदार हवा असतो. इतकी समजूतदार माणसं नागपुरात नेमकी राहतात कुठे, देव जाणे.

एखाद्या घरून ‘नाव काढा’ असा फोन आला की मी त्या ओळीच्या सुरुवातीला ‘रद्द’ लिहितो. ओळ लगेच काढत नाही. जमलेलं लग्न आठ दिवसांत मोडतं आणि तेच लोक पुन्हा फोन करतात. तेव्हा मी ‘रद्द’ खोडत नाही, शेजारी ‘ठेवा’ लिहितो. प्रेसमधली जुनी सवय आहे ही. कुठलीही खूण पुसायची नाही, पुढे दुसरी करायची. छापण्याआधी पुस्तिका काढणाऱ्या मंडळाचे सचिव घरोघरी फोन करून खात्री करतात, मगच ओळ निघते.

यंदा बुटीबोरीहून एका माणसाचा फोन आला. त्याच्या विधवा बहिणीनं नाव दिलं होतं. तिला सात वर्षांची मुलगी, दोघी त्याच्याच घरी राहायच्या. ‘काढून टाका, आमच्याकडे असं चालत नाही,’ एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी ‘रद्द’ लिहिलं.

चार दिवसांनी ती स्वतः आली. सूतगिरणीत कामाला होती, सुट्टीच्या दिवशी बस पकडून आली होती.

“काका, माझं नाव ठेवजा,” ती म्हणाली. “मी कमावून राहिली न आता. काहून कोणाले विचारू?”

“ठेवतो वं बाई. काळजी नको करू.”

“पाच वर्षांत पहिल्यांदा हिंमत केली मी.”

मी तिच्यासमोरच ‘ठेवा’ लिहिलं. ती संगणकाच्या पडद्याकडे बघत उभी होती.

छपाईच्या आदल्या दुपारी मी ‘रद्द’ हा शब्द शोधला. डाव्या बाजूला त्रेचाळीस ओळींची यादी आली. सचिवांनी त्या दिवशी फक्त नागपूरची घरं पक्की केली होती, म्हणून यादीच्या वरच्या चौकटीत मी ‘नागपूर’ लिहिलं. बाकीच्या ओळी दिसेनाशा झाल्या. खाली आकडा आला: त्रेचाळीसपैकी अकरा. अकराही वाचून पाहिल्या आणि ‘सर्व ओळी काढा’ हे बटण दाबलं. यादी रिकामी झाली. फाईल साठवली आणि घरी गेलो.

सकाळी सचिवांचा फोन आला, बाहेरगावचीही पक्की झाली, बुटीबोरीची तेवढी, मी सांगितल्याप्रमाणे, ठेवायची. मी पुन्हा ‘रद्द’ शोधलं. काहीच सापडलं नाही. मला वाटलं, कालच उरकलं असेल. थकलेल्या माणसाला काम झालेलं दिसलं की तो चौकशी करत नाही. फाईल छापायला गेली.

छापलेली पुस्तिका हातात आल्यावर मी पहिल्यांदा तिची ओळ शोधली. नव्हती. मग मुद्दाम दुसऱ्या फाईलवर तेच करून पाहिलं. ‘सर्व’ म्हणजे दिसणाऱ्या अकरा नव्हे, लपवलेल्या बत्तीसही. पाहुणे आले म्हणून पोरांना आतल्या खोलीत बसवावं आणि पाहुण्यांसोबत त्यांनाही घराबाहेर काढावं, तसला प्रकार. मला जे दिसत नाही त्याला हात लावू नये, आणि लावायचाच असेल तर निदान एकदा विचारावं, एवढी साधी रीत या यंत्राला कोणी शिकवू नये? बनवणाऱ्यांना मी तसं लिहिलं. विचार करू, असं उत्तर आलं. पण ‘रद्द’ मी त्याच दिवशी पुसलं असतं तर तिची ओळ वाचली असती, हेही मला कळत होतं.

सचिव म्हणाले, पुढच्या वर्षी घालू. तिला कळवावं, तर सचिवांकडे फक्त भावाचा नंबर होता, तिचा स्वतःचा त्या ओळीतच होता.

वधू-वर मेळावा धरमपेठेतल्या एका सभागृहात होता. पुस्तिका वाटायला मी टेबलाशी बसलो होतो. ती मुलीचा हात धरून आली. नवी साडी नेसली होती. तिनं पुस्तिका घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या चाळली. मग पुन्हा पहिल्या पानापासून, एकेका ओळीवर बोट ठेवत. आल्याबरोबर सांगायचं असं मी ठरवून आलो होतो.

तिनं मान वर केली. “भावानं पुन्हा फोन केलता काय, काका?”

तिच्या आवाजात माझ्यावर जराही संशय नव्हता. मला लाज वाटली. आणि मी म्हणालो, “हो.”

तिनं पुस्तिका टेबलावर ठेवली.

“चाल वं,” ती मुलीला म्हणाली, “मामाच्या घरून आपले सगळे कपडे आणाचे हायेत.”

मागच्या माणसानं हात पुढे केला. मी त्याला तीच पुस्तिका दिली.