रहीमचाचांचा लसूण

रोज उपाशीपोटी लसणाच्या पाच पाकळ्या चावून खातो, असं रहीमचाचांनी मला अभिमानानं सांगितलं. औशाचे नावाजलेले टेलर ते. पण अंगातला सदरा ढगळ झालेला. टेलरचाच सदरा लोंबतोय म्हटल्यावर मी चपापलो. तीन महिने दोन घासांतच पोट भरत होतं म्हणे.

"इतके दिवस कुठं होतात?" मी तडकलोच.

"तुमीच बोलले होते ना डॉक्टरसाब, लसणानं पोटाचा कॅन्सर व्हत न्हाई. म्हून खाऊन राहिलो."

बोललो होतो खरा. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आम्हा नव्या सरकारी डॉक्टरांना भाषणांची लई हौस. औशाच्या बाजारात मी सांगितलं होतं, की लसूण, कांदा, कोबी यांचा उग्र वास त्यांतल्या गंधकाच्या द्रव्यांचा असतो आणि ती पोटाच्या कॅन्सरला थोडंफार अडवत असावीत. अजून खात्री नाही, हे वाक्य टाळ्यांच्या नादात राहून गेलं.

त्यात दुष्काळ. बाजारात भाजी नाही, पाणी टँकरचं. चाचा नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी घमेल्यात धरायचे आणि अंगणातल्या लसणाच्या वाफ्याला घालायचे. हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

बेरियम पाजलं. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध असतं, त्यानं एक्स-रेत पोटाचा आकार दिसतो. खालच्या टोकाला तो कुरतडल्यासारखा दिसला. नांदेडला पाठवलं, तिथं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोट उघडून काही न काढता तसंच शिवावं लागलं असतं, असं तिथले सर्जन म्हणाले.

चाचींनी मला विचारलं, लसणानं झालं का? नाही म्हटलं. मग लसणानं थांबलं का न्हाई?

अर्ध्याहून जास्त जठर काढलं. चाचा वाचले. शिलाई बरी घातलीय, एवढाच शेरा त्यांनी सर्जनला दिला.

पुढच्या साली औशात पुन्हा माझं भाषण होतं. भाज्यांचं सांगून झालं, लोक उठायला लागले. पहिल्या रांगेतले चाचा उभे राहिले आणि त्यांनी सदरा वर करून पोटावरची ती लांब शिवण सगळ्यांना दाखवली.

"डॉक्टरसाब, पुढचं बी सांगा."

सांगितलं. वजन उतरलं, भूक मेली, शौचाला काळं झालं, तर आधी दवाखाना गाठा. तेव्हापासून मी हे आधी सांगतो आणि लसूण शेवटी. एवढं शिकायला मला दुसऱ्याचं पोट लागलं.