आंब्याच्या पेंढ्यातली साखर

डॉ. शरयू तेंडोलकर यांना मी प्रथम पाहिले ते कुजलेल्या पेंढ्याच्या ढिगापाशी. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात, त्यांच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या योजनेवर सहायकाची जागा होती. मुलाखतीला गेलो तर कळले, बाई मागच्या आवारात आहेत. जोगेश्वरीच्या तबेल्यातून आणवलेला पेंढा त्या स्वतः उपसत होत्या. मूठभर माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "वास घ्या. काय वाटतं?"

"सडलंय," मी म्हणालो.

"सडलंय म्हणजे कुणीतरी जेवतंय. ते कोण, एवढंच शोधायचंय आपल्याला."

'आपल्याला' म्हणजे जागा मिळाली, हे मला वाकोल्याला घरी पोचल्यावर उमगले.

बाईंचे काम थोडक्यात असे. पेंढ्याच्या तंतूंत साखर अडकलेली असते. काही बुरश्या तंतू फोडून ती मोकळी करतात, मग यीस्ट तिचे अल्कोहोल बनवते आणि ते इंधन म्हणून जाळता येते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. लोक रॉकेलसाठी डबे घेऊन रांगा लावत होते, आणि बाई तबेल्यातल्या ढिगातून एक हिरवट बुरशी वेगळी काढून तिला खाऊपिऊ घालत होत्या. माझी आई आजारी पडली तेव्हा त्यांनी तीन आठवडे माझी प्रात्यक्षिके घेतली, त्याबद्दल एक शब्द न बोलता. त्यांचा स्वभाव सोपा आहे असे मात्र म्हणणार नाही. नोंदवहीत खाडाखोड दिसली की त्या वही मिटून परत करत.

मे महिन्यात त्यांना सुचले की आंब्याच्या पेट्यांतला पेंढा बाजारात ढिगाने फेकला जातो, तो वापरावा. सांताक्रूझच्या फळवाल्यांकडून मी पोती भरून आणली. पेंढा तीन पाण्यांनी धुवायचा, असे बाईंनी बजावले होते. पण त्या महिन्यात नळाला पाणी जेमतेम. मी एकदाच धुतला आणि वहीत लिहिले, 'धुतला'.

प्रयोगशाळेतले आमचे परबमामा फ्लास्क हुंगून म्हणाले, "ह्या पेंढ्याक अजून आंब्याचो वास येता."

"मामा, मे महिन्यात तुम्हाला सगळ्यालाच आंब्याचा वास येतो."

"माका काय रे, तू शिकलेलो."

अल्कोहोल अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. बाईंनी ते दिव्यात घालून प्राचार्यांसमोर पेटवले. योजनेला मुदतवाढ हवी होती, माझी नोकरी तिच्यावरच होती. हा निष्कर्ष योजनेला पैसे पुरवणाऱ्या दिल्लीच्या खात्याला कळवायचे ठरले.

जूनमध्ये तबेल्याच्या पेंढ्यावर तोच प्रयोग केला, तर अल्कोहोल नावापुरते. मला शंका आली. आंब्याचा उरलेला पेंढा घेऊन मी एक फ्लास्क बुरशीशिवाय, नुसते यीस्ट घालून ठेवला. त्यातही जवळजवळ तेवढेच अल्कोहोल झाले. फुटलेल्या आंब्यांचा रस पेंढ्यात मुरलेला होता. बुरशीने काही विशेष केलेच नव्हते.

माझी रोजनिशी सांगते की त्यानंतर मी अकरा दिवस गप्प होतो. रोज लिहिलेले आहे, 'उद्या सांगेन.' त्या अकरा दिवसांत बाईंचे पत्र दिल्लीला गेले. मग मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, काल लक्षात आलं."

त्यांनी सगळे ऐकून घेतले. "किती पाण्यांनी धुतलास?"

"एका."

"हं. धुणं तुझं. पण बिनबुरशीचा फ्लास्क पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता, ते माझं. तो असता तर तुझं धुणं तेव्हाच उघडं पडलं असतं. बस, कागद घे."

दुसरे पत्र गेले. 'आमचा निष्कर्ष चुकीचा होता, तुलनेची सोय मी ठेवली नव्हती,' एवढाच बाईंचा मजकूर. माझे नाव त्यात कुठेही नव्हते. मुदतवाढ मिळाली नाही. काही परिषदांत बाईंना आंब्यावरून टोमणे ऐकावे लागले. त्या स्वच्छ पेंढ्यावर काम करत राहिल्या. अल्कोहोल थोडेच निघते आणि ते थोडेच निघते असे त्या सांगतात. आज नवे संशोधक त्यांच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबतात.

माझी नोकरी गेली तेव्हा मुलुंडच्या कॉलेजसाठी त्यांनी मला शिफारसपत्र दिले. 'हे स्वतःची चूक स्वतः सांगतात,' असे त्यात होते. त्या वाक्यावर मला अध्यापकाची जागा मिळाली आणि ते वाक्य मला आजवर टोचत आले. वेळीच बोललो असतो तर बाईंना स्वतःचे पत्र मागे घ्यावे लागले नसते.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात हे लिहावे का, याचा मी बराच विचार केला. शेवटी मसुदा घेऊन त्यांच्याकडेच गेलो. चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला.

"अकरा दिवस. बरोबर."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे सावंत, त्या फ्लास्कची तारीख वहीत तुझ्याच अक्षरात आहे. मी वह्या वाचते."

"मग शिफारसपत्रात तसं कसं लिहिलंत?"

"सांगितलंस ना? बाराव्या दिवशी का होईना." आणि मसुदा परत देत म्हणाल्या, "यातलं काही गाळू नकोस."

म्हणून काही गाळलेले नाही. बाईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी वह्या वाचण्याइतकी तीक्ष्ण राहो. आणि पुढे त्यांच्या हाताखाली जे चुकतील, त्यांना ते बाईंसमोर बोलायला एका दिवसाहून अधिक वेळ न लागो.