कोरी ठेवलेली फळी

रंगनाथ मिस्त्रींना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि खिशात आयटीआयचं सुतारकामाचं सर्टिफिकेट होतं. नेवासे तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठी, एका बाभळीखाली त्यांचं काम चालायचं. अर्ध्यावर आलेल्या नावेच्या पोटात ते उकिडवे बसले होते. मी सर्टिफिकेट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक फळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्या झाडाचा बुंधा कुनीकडं हुता, शेंडा कुनीकडं?" मी फळी उलटी केली, सुलटी केली, वास घेतला आणि अंदाजपंचे एक टोक दाखवलं. "चुकलं," ते म्हणाले. "उद्यापासनं ये."

त्या मिस्त्रींना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आज त्यांना ओळखतात ते लाकडी नावांच्या प्रतिकृतींमुळे. श्रीरामपूरच्या निम्म्या शाळांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या पेटीत त्यांची हातभर लांबीची नाव असते. म्हणूनच आम्हा हस्तकला शिक्षकांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. समितीच्या अध्यक्षांनी मला बजावलं आहे, "लेखाचा सूर आनंदी ठेवा." मी प्रयत्न केला. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आता जे आहे ते लिहितो आहे. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर मुळीच नको.

आधी त्यांच्या कामाबद्दल. मिस्त्री प्रतिकृतीला खेळणं मानत नाहीत. मोठी नाव जशी बांधतात तशीच ही बांधतात. आधी कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ, पाणी कापणारी. मग दोन्ही अंगांना वाक बसवायचे, म्हणजे नावेच्या बरगड्या. त्या बाभळीच्याच, कारण बाभळीची फांदी मुळातच वाकडी वाढते. त्यावर सागाच्या, मोजपट्टीएवढ्या पातळ फळ्या, गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवलेल्या. दोन फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोसायचा. काचेच्या पेटीतल्या नावेला कशाला हवा काथ्या? पण मिस्त्री ठोसतात. सुईएवढ्या पटाशीनं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून.

राहात्याहून एक दुकानदार आले होते. शिर्डीच्या वाटेवर त्यांचं शोभेच्या वस्तूंचं दुकान. दर महिन्याला नावा घेतो म्हणाले. अट एकच, नावेला शीड हवं, गिऱ्हाईकाला शीड आवडतं. मिस्त्री काथ्या ठोसता ठोसता म्हणाले, "आमच्या पान्याव शीड कुनी पाह्यलंय? हितं वल्हं अन् बांबू. शीड पायजे तर कोकनात जावा." दुकानदार हसले, मग लक्षात आलं की म्हातारा थट्टा करत नाही. चहा घेऊन ते गेले ते पुन्हा आलेच नाहीत.

आणि व्हार्निश. बाजारातला डबा मिस्त्रींना चालत नाही. राळ आणि जवसाचं तेल मंद आचेवर कढवून ते स्वतः व्हार्निश करतात. मलमलीच्या फडक्याचा बोळा घेऊन, दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून पहिला हात द्यायचा. तो वाळला की पॉलिश पेपरनं घासायचा, मग दुसरा. असे सात हात. पण त्याआधी एक नियम आहे आणि तो ते जगबुडी आली तरी मोडत नाहीत. नाव तयार झाली की कोरीच्या कोरी तीन दिवस अंगणातल्या हौदात सोडतात. रोज सकाळी तिच्या पोटात बोट फिरवून ओल बघतात. "आधी पानी, मग व्हार्निश. लाकूड उघडं हाय तवर खोटं बोलत न्हाई." पाहुण्यांना हे वेड वाटतं. शोकेसमधली नाव हौदात कशाला भिजवायची, असं आमच्या अध्यक्षांनीही एकदा मला विचारलं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते मी आजवर कुणालाच दिलेलं नाही.

मी मिस्त्रींकडे लागून दुसरं वर्ष चालू होतं. गावानं पलीकडच्या तीरावर जायला मोठी नाव सांगितली होती. अक्षय्यतृतीयेला ती पाण्यात सोडायची, नारळ फोडायचा, सगळं ठरलेलं. त्याच सुमारास मिस्त्रींच्या पत्नी लक्ष्मीकाकूंचं ऑपरेशन निघालं आणि मिस्त्री त्यांना घेऊन नगरला दवाखान्यात गेले. जाताना मला सांगून गेले, "तीन दिस कोरी पान्यात ठेव. मग वर काढ, वाळव, मगच हात दे." मी हो म्हणालो. आणि काय केलं? नाळेवर मोर कोरत बसलो! गावानं म्हणावं, हे मिस्त्रींच्या चेल्याचं काम. त्या मोराच्या पिसाऱ्यात माझे चार दिवस गेले. मग तीन दिवस पाण्यात ठेवायला वेळच उरला नाही.

व्हार्निश देताना कण्यापासून तिसऱ्या फळीत मला गाठ दिसली. मेलेली गाठ, म्हणजे लाकडातून सुटलेली, आतून कुजकी. पटाशीचं टोक लावलं तर भुसा गळाला. फळी बदलायची म्हणजे दोन दिवस. मी भोकात लुकण भरलं, खडूची भुकटी आणि तेल कालवून करतात ते, काचेच्या तावदानाला लावायचं. वर व्हार्निशचे तीन हात दिले. गाठ कुठं होती ते मलाही सापडेना. मिस्त्री अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी परतले, काकूंच्या काळजीनं पार उतरलेले. नावेवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "पान्यात ठेवली हुती ना?" मी म्हणालो, "हो. तीन दिवस."

नाव दोन वर्षं चांगली चालली. तिसऱ्या वर्षी श्रावणात चौदा माणसं पलीकडे कांदा लावायला निघाली. वल्ह्यावर अर्जुन होते, तेव्हा विशीतले. भर पाण्यात नावेला तळातून धार लागली. ती भरली आणि आडवी झाली. अर्जुन आणि बाराजण वल्ह्याला, बांबूला धरून, पोहून वाचले. दोन बायका गेल्या. सोनाबाई आणि यमुनाबाई. यमुनाबाई म्हणजे अर्जुन यांच्या आई.

पंचनाम्यात आलं की जादा माणसं आणि वारा. गावानं मात्र वेगळा निकाल दिला: मिस्त्रीची नाव बुडाली. लोक मिस्त्रींच्या दारात जमले, नको ते बोलले. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, "नाव माजी हाय. चूक माजी हाय."

दुसऱ्या दिवशी नाव ओढून काठाला आणली. मिस्त्री तिच्याजवळ एकटेच बसले होते. मी गेलो तेव्हा त्यांचं बोट तिसऱ्या फळीतल्या भोकात होतं. कडेला लुकणाचा पांढरा कपचा अजून चिकटलेला होता. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "तू जेवलास का?" मी नाही म्हणून मान हलवली. काकूंना हाक मारून त्यांनी मला ताट वाढायला लावलं. मी जेवत असताना बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. ती फळी फोडून त्यांनी चुलीत घातली.

त्याच महिन्यात माझी श्रीरामपूरच्या शाळेत हस्तकला शिक्षकाची ऑर्डर आली. मिस्त्रींनी स्वतःचा रंधा मला दिला आणि एसटीत बसवायला फाट्यापर्यंत आले. त्यांना काही कळलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणूस काय काय पटवून घेतो स्वतःला! सुट्टीत येत राहिलो, त्यांच्याकडून शिकत राहिलो, माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या गोष्टी सांगत राहिलो. ते मोठी नाव पुन्हा बांधायला बसले नाहीत. हातभर नावा करू लागले. गावानं त्यांना लग्नाची पत्रिका देणं बंद केलं. पारावर ते येऊन बसले की लोक उठायचे. आठ वर्षांपूर्वी लक्ष्मीकाकू गेल्या. मिरजगावहून मुलगी आणि जावई आले, काकूंचे एक भाऊ आले, एक शेजारी आला. मिस्त्रींच्या हातात मडकं, तिरडीला चौथा खांदा नव्हता. मी श्रीरामपूरहून पोचेपर्यंत ती दारातच थांबून होती. खांदा देऊन चालताना मला कळत होतं की हे माझ्यामुळे आहे. तरीही मी तोंड उघडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सत्काराचं ठरलं. मिस्त्री म्हणाले, "समारंभात ठेवायला येक नाव करू. तू ये हाताखाली." मी रविवारी-रविवारी जाऊ लागलो. वाक बसले तसं माझ्या लक्षात आलं, ही तीच बुडालेली नाव, लहान रूपात. घडण तीच, नाळ तीच, फक्त मोर नव्हता. तीन दिवस ती हौदात राहिली, वाळली, आणि मी बोळा घेऊन पहिला हात द्यायला बसलो. कण्यापासून दोन फळ्या झाल्या. तिसरीवर बोळा टेकवणार तोच मिस्त्रींनी माझं मनगट धरलं.

"हितं लावू नगंस. ही कोरी ऱ्हाऊ दे."

बोळा माझ्या हातातून पडला. बावन्न वर्षांचा बाप्या मी, ढसाढसा रडलो. "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?"

"लुकन वळखत न्हाई व्हय मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुजी आर्डर यायची हुती. तुला पोलिसात दिलं अस्तं तर दोन बाया माघारी आल्या अस्त्या का? अन् तुज्या हातनं झालं ते माज्याच हातनं झालं. त्या दिशी म्या सोता नाव तपासाया पायजे हुती. लक्ष्मीच्या नादात न्हाई तपासली."

"आणि मग आत्ता का?"

त्यांनी पडलेला बोळा उचलला. मग म्हणाले, "मी हाय तवर तुला सांगता यावं म्हनून. मी गेल्याव कुनाला सांगशील?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सत्काराला गावातलं कुनी येनार हाय का रं?" मी म्हणालो, बघतो. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

समितीकडे देण्याआधी हा लेख, इथवरचा, घेऊन मी अर्जुन यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. मी म्हणालो, "एक वाचून दाखवायचं आहे, पूर्ण ऐका, मग मला काय करायचं ते करा." उभ्यानंच वाचलं. मला शिव्या ऐकायच्या होत्या, मार खायची तयारी होती. अर्जुन यांच्या हातातली नळी तशीच राहिली. ते म्हणाले, "म्हंजी मान्सं जास्ती झाली म्हनून न्हाई बुडाली?"

"नाही. नाव वीस माणसांची होती."

"म्या चौदा घेतली हुती. पाऊस येईल म्हनून येकाच खेपंत. रोज वाटायचं, दोघींना दुसऱ्या खेपंला ठिवलं अस्तं तर." त्यांनी नळी खाली ठेवली. "आय माज्यामुळं न्हाई गेली?"

देवाशपथ सांगतो, इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी फक्त मिस्त्रींचा गुन्हेगार आहे असं समजून चाललो होतो. मी म्हणालो, "नाही. माझ्यामुळे गेल्या."

अर्जुन उठले. मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सर, तुमी आता जावा," म्हणाले, आणि अनवाणीच मिस्त्रींच्या घराच्या दिशेनं चालू लागले. पंचवीस वर्षांत अर्जुन यांच्या घरातलं कुणी त्या वाटेनं गेलं नव्हतं. मी मागं गेलो नाही. तिथं दोघांत काय झालं ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंततात. मीही चिंततो. रंगनाथ मिस्त्रींना धडधाकट शरीरानं, शाबूत नजरेनं अजून पंचवीस वर्षं मिळोत, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी गावातल्या कुणीतरी त्यांना थांबवून रामराम घालावा. शंभरी भरावी म्हणून हे मागत नाही. तेवढीच, पंचवीस वर्षं मी त्यांची घेतली आहेत.